काळ्या मातीतली परसबाग आणि पाण्याचा हिशोब

सांगलीत कुणाच्या दारातलं लिंबू पिवळं पडलं की माणूस तडक औषधाच्या दुकानात जातो. दुकानदार एक बाटली देतो, महिन्याभरानं दुसरी देतो, आणि झाड पिवळं ते पिवळंच राहतं. माझ्याकडं कुणी विचारायला आलं की मी औषधाचं नंतर बोलतो. आधी विचारतो, पाणी किती घालता? "रोज दोन बादल्या, अण्णा, एक दिवस चुकवत नाही," असं अभिमानानं सांगतात. आजार तिथंच सापडतो. आपल्या काळ्या जमिनीत घरची झाडं तहानेनं कमी आणि पाण्यानं जास्त मरतात. एवढं पटलं तर निम्मं बागकाम आलंच म्हणून समजा.

मी शेतकी शिकलेला माणूस नाही. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होतो. उमेद सगळी पट्ट्या आणि खतावण्या लिहिण्यात गेली. घर गावभागात. मागं परसदार, त्यात लिंबू, पेरू, सीताफळ, पपई, कढीपत्ता आणि भिंतीच्या कडेनं हिरवा मसाला. मी लिहितोय ते सांगली-मिरजेकडच्या चिकट काळ्या मातीपुरतं आहे. साताऱ्यात डोंगराच्या पोटाला मुरमाड जमिनीवर घर असेल त्यांनी पाण्याचा भाग सोडून बाकीचं घ्यावं. तिथं पाणी धरतच नाही, तिथली तक्रार उलटी.

आधी जागेची परीक्षा. झाड जिथं लावायचंय तिथं उन्हाळ्यात हातभर खोल खड्डा घ्या आणि काठोकाठ पाण्यानं भरा. पहिलं पाणी पटकन जाईल, कारण वाळलेली काळी माती भेगांतून ते ओढून घेते. त्यावर भुलायचं नाही. माती फुगली, भेगा मिटल्या की पुन्हा भरा. हे दुसरं पाणी चार-पाच तासांत उतरलं तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला पाणी दिसत असेल, तर त्या जागी लिंबू आणि पपई सपाट जमिनीत लावायचीच नाहीत.

नदीकाठच्या या घट्ट मातीचा गुण हळदवाल्यांना पूर्वापार ठाऊक. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायचे. आत पाणी झिरपत नाही, कीड लागत नाही, माल टिकतो. २००५च्या पुरात बरीच पेवं गेली, पण मातीचा गुण काही गेला नाही. गंमत अशी, की हळकुंडाला जे मानवतं तेच झाडाच्या मुळाला मारतं. मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या फटी पाण्यानं भरून राहिल्या की बारीक पांढरी मुळं आधी कुजतात, मग पानं मलूल होतात. पानं मलूल दिसली की आपण आणखी एक बादली ओततो.

लावणीचा एक प्रघात सगळीकडं सांगितला जातो: खोल खड्डा काढा, काळी माती फेकून द्या, लाल माती, वाळू, शेणखत भरा आणि रोप लावा. आपल्याकडं त्याचा नुसता हौद होतो. भोवतीच्या घट्ट जमिनीतलं पावसाचं पाणी त्या भुसभुशीत खड्ड्यात उतरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. वरून बघणाऱ्याला वाटतं, एवढी चांगली माती घातली, तरी झाड का धरत नाही?

त्यापेक्षा उंचवट्यावर लावा. चार फूट रुंदीची जागा टिकावानं वीतभर खोल उकरून घ्या. त्याच मातीत चौथा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. नदीकाठचा पोयटा, म्हणजे गाळाची मऊ माती, मिळाला तर तोही घाला. वाळूच्या नादी लागू नका, काळ्या मातीत चार पाट्या वाळूनं काही होत नाही. या सगळ्याचा फूट-दीड फूट उंच ढीग करा आणि मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की रोप त्याच्या माथ्यावर लावा. ढीग बसून बराच खाली येतो, म्हणून सुरुवातीला उंच वाटला तरी तसाच ठेवा. पिशवीत मातीची जी पातळी होती तीच इथं राहिली पाहिजे, खोडाला माती चढवायची नाही. मुळं पिशवीत गोल वळलेली असतील तर बोटांनी सोडवा. जोडाचं कलम असेल तर जोड मातीच्या चार बोटं वर ठेवा, आणि जोडाखालून फुटवा आला की लगेच खुडा. तो खुंटाचा, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचा असतो, आपण पैसे दिलेत त्या जातीचा नसतो.

ढिगावर आच्छादन हवंच. आपण ऊसपट्ट्यात राहतो. पाचट बांधावर पडलेलं असतं, नाहीतर लोक पेटवून देतात. एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून चार भारे आणा आणि चार बोटं जाडीचा थर द्या. खोडापासून मात्र वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर ओल धरून वाळवी येते. उन्हाळ्यात काळी माती आकसून भेगाळते तेव्हा बारीक मुळं तटातट तुटतात. पाचटाखालची माती भेगाळत नाही आणि पाणीही निम्म्यानं कमी लागतं.

आता पाण्याचा हिशोब. पाणी द्यायचं का, हे वारावर ठरत नाही. वरची दोन बोटं माती पांढरट, कोरडी ठणठणीत दिसते आणि तिच्याखाली चिखल असतो, म्हणून नुसतं बघून कळत नाही. आळ्याच्या कडेला खुरप्यानं वीतभर खालची चिमूटभर नाही, चांगली मूठभर माती काढा आणि दाबा. गोळा झाला आणि बोटांना चिकटून राहिला, तर आज पाणी नाही. गोळा होतो पण अंगठा टेकवला की फुटतो, तर द्या. ढेकूळ दगडासारखं कडक झालं असेल तर उशीर झाला. मोठ्या झाडाला एप्रिल-मे मध्ये साधारण आठवड्यातून एकदा-दोनदा आणि थंडीत दहा-बारा दिवसांनी पाणी पुरतं. द्यायचं तेव्हा भरपूर द्या, म्हणजे ते खाली जाईल. रोज थोडं थोडं शिंपडलं की मुळं वरच्या थरातच घोटाळतात. नवं रोप पहिलं वर्षभर जास्त वेळा बघावं लागतं, पण परीक्षा तीच, मुठीतली.

पाणी बुंध्याशी ओतायचं नाही. खोडाभोवती वीतभर मातीचा कडा करून आतली जागा कोरडी ठेवा आणि फांद्यांची टोकं जिथवर येतात तिथं दुसरं आळं करा. पाणी या बाहेरच्या आळ्यात. पाणी ओढणारी मुळं तिथंच असतात, आणि बुंधा ओला राहिला तर लिंबाला डिंक्या लागतो: साल फुटते, डिंक ओघळतो, वर्ष-दोन वर्षांत झाड बसतं. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी वाळलेल्या आळ्यावर पांढरा थर येतो का तेवढं पाहावं. येत असेल तर पाणी आणखी जपून द्या आणि पावसाचं पाणी आळ्यातून एकदा वाहून जाऊ द्या. कृष्णाकाठची चांगली चांगली रानं अशीच क्षारपड झाली: पाणी उदंड, निचरा नाही.

लिंबाकडं येऊ, कारण विचारणारे नव्वद टक्के लिंबूवालेच. कागदी लिंबाची साई सरबती किंवा फुले सरबती ही राहुरीच्या कृषी विद्यापीठाची जात घ्या. रोप बहुधा बियांचंच असतं, तेव्हा चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत दम धरावा लागतो.

पिवळेपणा तीन तऱ्हेचा असतो. खालची जुनी पानं सगळी पिवळी होऊन गळत असतील तर झाड उपाशी आहे. जूनमध्ये दोन घमेली शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड बाहेरच्या आळ्यात द्या, दिवाळीच्या सुमाराला पुन्हा निम्मं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, जाळी काढल्यासारख्या, तर लोह कमी पडतंय. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण झाडाला उचलता येत नाही, आणि माती ओली राहिली की त्यात भरच पडते. म्हणून आधी पाणी तोडा. मग लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून त्यात अर्धं लिंबू पिळा आणि संध्याकाळी पानांवर फवारा; पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. हिराकस नुसतं जमिनीत टाकलं तर जमीनच ते गिळून बसते. तिसरी तऱ्हा म्हणजे सगळं झाडच निस्तेज, पानं खाली झुकलेली, माती ओली. तिथं खत नको, फवारा नको. आळं मोडा, चर काढून पाण्याला वाट द्या आणि वाट बघा.

पानावर, फळावर उंचवटा आलेले खरखरीत तपकिरी डाग आणि भोवती पिवळी कडा दिसली तर तो खैऱ्या रोग. पावसाआधी डागाळलेल्या काड्या छाटून जाळा आणि एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण फवारा. लिटरभर मिश्रणाला दहा ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि दहा ग्रॅम कळीचा चुना लागतो. दोन्ही निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात अर्धा-अर्धा लिटर पाण्यात विरघळवायचं, चुना गाळून घ्यायचा, मग एकत्र ओतायचं. त्यात लोखंडी खिळा बुडवून बघा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर आणखी थोडी चुन्याची निवळी घाला, नाहीतर पानं करपतात. धातूचं भांडं नको, आणि मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. हाच पदार्थ दहापट घट्ट करून पावसाआधी खोडाला दोन-अडीच फुटांपर्यंत लावला की डिंक्याची धास्ती कमी होते.

कोवळ्या पानावर पक्ष्यानं शिटल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर काडीनं हलकं डिवचून बघा. डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर येतात आणि आंबूस, उग्र वास सुटतो. ही लिंबाच्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवीगार होते आणि पानात शोधून सापडत नाही. चार दिवसांत लहान रोपाची सगळी पालवी फस्त करते. सकाळी चष्मा लावून हातानं वेचणं हाच उपाय, घरच्या एका झाडाला विषारी औषध कशाला पाहिजे? कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, म्हणून ही अळी तिथंही असते. लिंबू तपासलं आणि कढीपत्ता सोडला तर आठवड्यात पुन्हा हजर. आमची नात दोन-चार अळ्या जाळीच्या बरणीत ठेवते, फुलपाखरू बघायला. तिच्या वाट्याच्या मी तिच्या हवाली करतो.

पानावर चंदेरी नागमोडी रेघा ओढणारी नागअळी मोठ्या झाडाला फारसं काही करत नाही, पण त्या रेघांतून खैऱ्या आत शिरतो. नवी पालवी फुटताना निंबोळी अर्क फवारा: लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, चमचाभर पातळ साबण घालून. उन्हात फवारायचं नाही.

फळधारणेलाही पाण्याचाच ताण कामाला येतो. बारा महिने लाडानं पाणी पिणारं लिंबू नुसतं पानावर माजतं. डिसेंबरात पाणी बंद करा. काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात. पानं थोडी सुकलेली, काही गळलेली दिसली की आळं हलकं चाळून खत द्या आणि पहिलं पाणी थोडं, दुसरं जरा जास्त, तिसरं पोटभर असं चढवत न्या. जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं.

पेरूचंही तसंच, फक्त महिने वेगळे. जात सरदार घ्या, म्हणजेच लखनौ-४९. नाव लखनौचं असलं तरी निवड १९२७ साली पुण्यात गणेशखिंडीच्या बागेत झालेली आहे. पेरूला मोकळं सोडलं तर फेब्रुवारी-मार्चच्या फुलांची फळं भर पावसात पिकतात. ती पाणचट लागतात आणि फोडली तर आत अळ्या वळवळतात. म्हणून त्या वेळची फुलं हातानं खुडा, फेब्रुवारीपासून मेपर्यंत मोठ्या झाडाचं पाणी आवरतं घ्या आणि मे महिन्यात फांद्यांचे शेंडे वीतभर छाटा. पेरूला फळ नव्या फुटीवरच लागतं. मृगात जी फूट येईल तिची फळं थंडीत पिकतील, घट्ट आणि गोड.

फळमाशीवर फवारे मारणाऱ्यांचं मला नवल वाटतं. अंडी सालीच्या आत असतात, फवारा बाहेर. बाजारात मिळणारा सापळा लावा, पण त्यात फक्त नर सापडतात. एका परसात त्यावर विसंबता येत नाही. फळ मोठ्या लिंबाएवढं झालं की त्याला पिशवी बांधा. वर्तमानपत्राची पिशवी पहिल्या सरीला विरघळते. जुन्या ओढणीचे किंवा मच्छरदाणीचे तुकडे शिवून घेतले की दोन-तीन हंगाम जातात. गळलेलं फळ झाडाखाली पडू देऊ नका: अळी त्यातून मातीत उतरते, कोषात जाते आणि माशी होऊन परत येते. अशी फळं काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवायची.

बाकीची फळं थोडक्यात. पपई एक लावू नका, तीन-चार रोपं लावा. नर निघालेलं काढून टाकता येतं. तिच्या बुंध्याशी पाणी साचलं तर दोन दिवसांत मान टाकते, तेव्हा तिचा ढीग सगळ्यात उंच. डाळिंब आटपाडीच्या हलक्या, कोरड्या रानात शोभतं. आपल्या मातीत तेल्या रोगाशी आणि फळ पोखरणाऱ्या सुरसा अळीशी झगडत बसण्यापेक्षा बाजारातून आणलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत. सीताफळाला ताण मानवतो. हिवाळ्यात पानं टाकून ते झोपी जातं, तेव्हा पाणी देऊन उठवू नका. फुलं भरपूर आणि फळं चार, ही त्याची नेहमीची तक्रार. एकाच फुलात आधी मादीचा भाग तयार होतो, पराग नंतर सुटतो, आणि हे काम करणारे बारीक भुंगे शहरात कमी. संध्याकाळी पूर्ण उमललेल्या फुलातला पराग मऊ कुंचल्यानं डबीत झटकून घ्या, रात्री फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी अर्धवट उघडलेल्या फुलांच्या आत फिरवा. आमची मंडळी याला माझा डोहाळजेवणाचा कार्यक्रम म्हणते. हसू देत, फळं मोजायला तीच पुढं असते.

हिरव्या मसाल्यात कढीपत्त्याला सगळ्यात जास्त संयम लागतो. पहिलं वर्ष तो जागचा हलत नाही, तोवर फोडणीसाठी त्याला ओरबाडायचं नाही. कमरेएवढा झाला की शेंडा खुडा, बाजूला फांद्या फुटतील. पानं एकेक तोडण्यापेक्षा डहाळी कापावी. फुलांचे झुबके दिसले की काढून टाका, नाहीतर जोर सगळा बियांत जातो. थंडीत नवी पालवी येत नाही, पानं पिवळटतात. तेव्हा पाणी आणि खत दोन्ही वाढवू नका. संक्रांतीनंतर ऊन चढलं की तो आपोआप फुटतो. आठवड्याला आंबट ताक पाण्यात पातळ करून घालायची पद्धत आमच्याकडं आहे.

कोथिंबीर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. धने अख्खे पेरायचे नाहीत, रगडून त्याच्या दोन डाळी करायच्या. गावाकडं चप्पल फिरवतात. घरात वाद नको म्हणून मी वरवंटा फिरवतो. रात्रभर भिजवून पेरलं की आठ-दहा दिवसांत उगवतं आणि पाच-सहा आठवड्यांत काढायला येतं. दर पंधरवड्याला एक ओळ पेरा, म्हणजे घरात खंड पडत नाही. मार्चनंतर पेरलेली वीतभर झाली की फुलावर जाते.

पुदिन्याला रोप विकत घ्यायची गरज नाही. मंडईतल्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवा, मुळं फुटली की पसरट कुंडीत लावा. जमिनीत लावला तर शेजाऱ्यांच्या वाफ्यात घुसतो. सगळ्या परसात रोज पाणी मागणारा हाच एक, आणि दुपारच्या उन्हातून त्याला आडोसा हवा. गवती चहा बांधावर, जमिनीपासून चार बोटं वर ठेवून कापायचा, आणि दोन-तीन वर्षांनी ठोंब उपटून फोडायचा. पानओव्याची फांदी खोचली की लागते. भज्यांपुरता एक पुरे. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर खुडल्या तर झाड दोन वर्षंसुद्धा टवटवीत राहतं.

हळद मात्र लावाच, सांगलीत राहून हळदीची पूड विकत आणणं मला तरी जमत नाही. अक्षय तृतीयेला लिंबाच्या अर्ध्या सावलीत, वरंब्यावर, डोळे फुटलेले गड्डे चार बोटं खोल लावायचे. आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळतो. त्याच्या पंधरा दिवस आधी पाणी बंद, मग काढणी. ओल्या हळदीचं लोणचं घालून उरेल त्यातलं बियाणं झाकून ठेवा.

आणि पूर. गावभागातल्या माणसानं झाडांवर लिहावं आणि पुराबद्दल लिहू नये, असं होत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी चाळीस फूट इशाऱ्याचे, पंचेचाळीस धोक्याचे. २०१९ला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर घाई करू नका. चिखलात पाय घालून खणलं तर माती दाबून आणखी घट्ट होते. आधी उताराकडं चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. खोडाभोवती गाळ चढला असेल तर जुन्या पातळीपर्यंत हातानं उकरून काढा, मुळं गुदमरतात. बुंधा धुऊन बोर्डो लावा. खत नवी पालवी दिसेपर्यंत अजिबात नको. पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, तेव्हा बुडालेली कोथिंबीर, पुदिना, खालची फळं धुऊनसुद्धा खायची नाहीत. पुदिना जमिनीलगत कापा, तो परत येतो. पेरू बऱ्याचदा तग धरतो. पपईची आशा सोडा. लिंबाची पानं गळली तरी झाड लगेच तोडू नका, फांदी नखानं खरवडून बघा, खाली हिरवं असेल तर दिवाळीपर्यंत थांबा. काढलेला गाळ फेकू नका. उन्हाळाभर वाळवून, ढेकळं फोडून, शेणखतात मिसळून ठेवा. पुढच्या मृगात नव्या रोपाचा ढीग करायला तो लागेल.